यमुना – पाहा : रमाबाई

परवा रात्री ‘रमाबाई’ या एका नावापुढे माझ्याकडे ४१ पानांचे आकडे जमा झाले. संगणकाने ते दोन सेकंदांत काढून दिले. पुढचे साडेतीन तास मी त्या आकड्यांची फोड करत बसले आणि उठले तेव्हा समोर एक नाही, चार रमाबाई होत्या.

मी पुस्तकांच्या सूची करते. जाड इतिहासग्रंथाच्या शेवटी बारीक टायपातली जी पानं असतात, ती. व्यक्तिनामसूची, स्थलनामसूची, कधीमधी विषयसूची. सुरुवात केली तेव्हा बुटांच्या रिकाम्या खोक्यांत पांढरी कार्डं रचायचे, प्रत्येक नावाला एक कार्ड. आता प्रकाशकाकडून फाइल येते. पण संगणकाला अक्षरं सापडतात, माणूस सापडत नाही. ‘पंडित’ शोधा म्हटलं की तो विष्णुशास्त्री पंडितांबरोबर पंडिता रमाबाईंनाही आणून उभं करतो. माणूस ओळखायचं काम अजून ज्याचं त्यालाच करावं लागतं, आणि या कामावर माझा फार जीव आहे.

हातातलं पुस्तक पेशवाईपासून स्वातंत्र्यापर्यंतच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांबद्दल आहे. त्यातल्या पहिल्या रमाबाई थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयाने गेले, वय अवघं सत्तावीस, आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. दुसऱ्या पंडिता रमाबाई, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्या. शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं करणाऱ्या. तिसऱ्या रमाबाई रानडे, न्यायमूर्तींच्या पत्नी, पुण्याच्या सेवासदनाच्या कर्त्या. चौथ्या रमाबाई आंबेडकर, २७ मे १९३५ ला गेल्या त्या. बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला. ती रामू म्हणजे याच.

पेशव्यांची रमा आणि बाबासाहेबांची रमा वेगळ्या काढणं सोपं. दोघींच्या मध्ये दीडशे-पावणेदोनशे वर्षं आहेत. अडतं ते मधल्या दोघींशी. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या. पती बिपिनबिहारी मेधावी नुकतेच वारले होते, कडेवर मनोरमा होती. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि त्याच्या सभांना येणाऱ्या तरुण स्त्रियांत रमाबाई रानडे होत्या. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवाणखान्यात, एकाच वर्षी दोन रमाबाई. एक पंचविशीच्या आतबाहेरची, संस्कृत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली. दुसरी विशीतली, घरातल्या बायकांचे टोमणे सोसून नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकत असलेली. माझ्या पुस्तकात पान २१४ वर लेखक लिहितात, ‘या सभेला रमाबाई उपस्थित होत्या.’ कोणत्या? मी तो आकडा दोघींच्याही पुढे टाकला. दोघी होत्याच तिथे.

पण माझी खरी झोप उडाली ती पुढच्या गोष्टीने. ‘रमाबाई’ची फोड करायची माझी नेहमीची रीत म्हणजे मधलं नाव लावायचं. मराठी नावाची ही केवढी सोय आहे! पेशवाईतले तीन बाळाजी घ्या. बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाळाजी जनार्दन. पहिले दोघे आजोबा-नातू, दोघेही पेशवे. तिसरे नाना फडणवीस, आडनाव भानू. आता गंमत पाहा, दुसरे बाळाजीही ‘नाना’च, नानासाहेब पेशवे. म्हणजे पेशवा आणि त्याच्या दरबारात वाढलेला फडणीस यांचं पाळण्यातलं नावही एक आणि हाकेचं नावही एक. तरी सूचीत त्यांची गाठ कधी पडत नाही, कारण दोघांच्या मधे बाप उभा असतो. एकाच्या मधे बाजीराव, दुसऱ्याच्या मधे जनार्दन.

हीच रीत बायकांना लावून पाहिली. रमाबाई माधवराव पेशवे. रमाबाई महादेव रानडे. पण न्यायमूर्तींना सगळं पुणं माधवराव म्हणे. म्हणजे रमाबाई माधवराव आणि रमाबाई माधवराव. शंभर वर्षांच्या अंतराने तंतोतंत तेच जोडपं!

हे उगाच झालेलं नाही. माधव हे लक्ष्मीपतीचं नाव आणि रमा म्हणजे लक्ष्मी. नवऱ्याच्या नावाला शोभेल असं नाव सुनेला द्यायचं, तांदळाच्या ताटात ते लिहायचं, ही आपल्याकडची चाल. रमाबाई रानडे माहेरच्या कुर्लेकर. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या त्या मुलीचं नाव यमुना होतं. सासरी आली ती रमा होऊन.

यमुना. हे नाव लिहिताना हात थांबला, कारण आदल्या दिवशी मी हेच नाव दुसऱ्या नोंदीत लिहिलं होतं. कल्याणच्या गणपतराव जोशांची मुलगी यमुना, जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. हीच डॉक्टर आनंदीबाई. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. तो सोहळा पाहायला समुद्र ओलांडून कोण गेलं होतं? पंडिता रमाबाई. पुढच्या फेब्रुवारीत आनंदीबाई गेल्या. बावीसही पुरी झाली नव्हती.

एका पिढीतल्या या दोन यमुना. पुढे इतिहासाला एक रमाबाई म्हणून ठाऊक झाली, एक आनंदीबाई म्हणून. दोघींचं सारखं असलेलं नाव पुसलं गेलं, आणि जे नाव मिळालं ते आधीच कुणाकुणाचं होतं.

आनंदीबाईंचंही तेच. एक आनंदीबाई राघोबादादांच्या, ज्यांच्या माथी ‘ध’चा ‘मा’ कायमचा बसला. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला तेव्हाच्या चिठ्ठीतलं ‘धरावे’ त्यांनी ‘मारावे’ केलं, अशी ती कथा. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८७४ च्या सुमारास, एक नवरा आपल्या नऊ वर्षांच्या बायकोला तेच नाव देतो. आणि तिसऱ्या आनंदीबाई कर्वे, आपल्या बाया कर्वे. त्यांचं मूळ नाव गोदूबाई, माहेरच्या त्याही जोशीच. बालविधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. एवढं सगळं विसाव्या शतकातही थांबत नाही. १९४८ मध्ये डॉक्टर शारदा कबीर बाबासाहेबांशी लग्न करतात आणि सविता आंबेडकर होतात.

पुरुषांची नावं बदलत नाहीत असं मी म्हणणार होते, तेवढ्यात कोल्हापूर आठवलं.

शिवाजी महाराज आपल्या सगळ्यांच्या मनात एकच आहेत आणि तसंच असायला हवं. पण सूचीत ‘शिवाजी’ हे नाव फार जपून उचलावं लागतं. संभाजी महाराज आणि येसूबाईंचा मुलगा, जन्म १६८२, त्याचं नाव आजोबांवरून शिवाजीच ठेवलं होतं. रायगड १६८९ मध्ये पडला, मायलेक औरंगजेबाच्या कैदेत गेले आणि तिथून १७०७ मध्ये तो बाहेर आला तो शाहू म्हणून. इकडे राजाराम महाराज आणि ताराबाईंनीही आपल्या मुलाचं नाव शिवाजी ठेवलेलं. राजाराम महाराज १७०० मध्ये गेल्यावर ताराबाईंनी त्याला गादीवर बसवून मोगलांशी झुंज दिली. म्हणजे १७०७ मध्ये स्वराज्याच्या वारशासाठी जे दोन चुलतभाऊ समोरासमोर आले, ते दोघेही जन्माने शिवाजी. आजोबांचं नाव दोघांनाही हवं होतं आणि दोघांनाही तेवढंच लागू होतं. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या त्यातून झाल्या.

या सगळ्या शिवाजींमधला एक मला फार लागतो. १८७० मध्ये कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. (जिंजी लढवणारे राजाराम वेगळे, हे सांगायला नकोच; पण सूचीत सांगावंच लागतं.) गादीसाठी नारायणराव नावाचा एक लहान मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव शिवाजी ठेवलं. क्रमाने त्यांना कुणी चौथे म्हणतं, कुणी सहावे. दोन्ही आकडे छापील पुस्तकांत भेटतात. पुढे या तरुणाला वेडा ठरवून पहाऱ्यात ठेवलं. त्याचे हाल होताहेत असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिलं, कारभारी माधवराव बर्व्यांनी (हे आणखी एक माधवराव) अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. शाळेत आपण ते १०१ दिवस पाठ करतो. ज्याच्यासाठी ते भोगले तो मुलगा २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या पहाऱ्यात मेला. वीस वर्षांचा होता. इतकं मोठं नाव मिळालं आणि त्या नावाच्याच सावलीत तो दिसेनासा झाला. कितीतरी पुस्तकांच्या सूचीत त्याची नोंद ‘शिवाजी’च्या पानआकड्यांत मिसळून गेलेली मी पाहिली आहे. माझ्या सूचींत मी त्याला नेहमी स्वतंत्र ओळ देते.

त्याच्यामागून १८८४ मध्ये दत्तक आले ते कागलच्या घाटग्यांचे दहाव्या वर्षातले यशवंतराव. त्यांना नाव दिलं शाहू. ज्या घराण्याने साताऱ्याच्या शाहू महाराजांशी भाऊबंदकी केली, १७३१ चा वारणेचा तह होईपर्यंत भांडण मिटलं नाही, त्याच कोल्हापूरच्या गादीवर हे नाव आलं. १९०२ मध्ये ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारे राजर्षी शाहू ते हे. परीक्षेच्या पेपरात मुलं साताऱ्याच्या शाहूंना आरक्षणाचं श्रेय देतात, ती चूक मी स्वतः तपासलेल्या उत्तरपत्रिकांत पाहिली आहे. त्या काळी मी शिकवत असे.

दत्तक मुलाचंही नाव जातं, हे खरं. पण त्याला नव्या नावाबरोबर गादी मिळते, आणि वंशावळीत ‘मूळचे यशवंतराव’ असं कंसात का होईना, लिहिलेलं असतं. यमुनेसाठी तो कंस कुणी काढत नाही.

आमच्या घरी थोरल्या भावाला आजोबांचं नाव होतं. आईने त्याला जन्मात त्या नावाने हाक मारली नाही. सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं कसं? तो घरात बापूच राहिला. नातवाला आजोबांचं नाव द्यायचं आणि मग ते उच्चारता येत नाही म्हणून नाना, भाऊ, दादा, आप्पा. पेशव्यांच्या घरात हे इतकं आहे की सूची करणाऱ्याने आधी घरातली हाक शिकावी लागते. सदाशिवराव म्हणजे भाऊ, रघुनाथराव म्हणजे दादा. आणि हाकेची नावंही पुन्हा वारशाने जातात. वसई जिंकणारे चिमाजीअप्पा थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. राघोबादादांनी आपल्या मुलाचं नाव आपल्या वडिलांवरून बाजीराव ठेवलं. त्याच्या पाठच्याचं? चिमाजी, तोही अप्पाच. नाना फडणविसांनी १७९६ मध्ये याच चिमाजीअप्पांना थोड्या दिवसांसाठी पेशवेपदावर बसवलं होतं. बाजीराव आणि चिमाजीअप्पा ही भावांची जोडी इतिहासात दोनदा आहे, हे मला सूची करायला लागेपर्यंत कळलं नव्हतं.

बाजीरावांच्या नोंदीत मी ‘पहिले’ लिहीत नाही, ‘थोरले’ लिहिते. आकड्यात फक्त क्रम आहे. थोरले म्हणण्यात वयही आलं, योग्यताही आली. थोरले बाजीराव, थोरले माधवराव, थोरले शाहू. मागून आलेल्याला मात्र कुणी प्रेमाने ‘धाकटे’ म्हणत नाही. सवाई माधवरावांना निदान ‘सवाई’ मिळालं. १८१८ मध्ये राज्य गमावून बिठूरला गेलेल्या बाजीरावांना लोकांनी ‘पळपुटा’ जोडलं. सूचीत मी ‘बाजीराव, दुसरे’ एवढंच ठेवते. निवाडा करायचा तो लेखकाने करावा.

संतकवींकडे वेगळीच सोय आहे. ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’. एकनाथांनी तर स्वतःच्या नावाला गुरूचं नाव असं जोडलं की दुसऱ्या कुणा एकाशी घोळच होऊ नये. पण नामदेवांच्या बाबतीत ही मुद्राच घोटाळा करते. तेराव्या-चौदाव्या शतकातले संत नामदेव एक, आणि एकनाथांच्या काळातला, मराठीत महाभारत लिहिणारा विष्णुदास नामा दुसरा. दोघेही नामा. त्यामुळे मागाहूनच्याचे अभंग थोरल्या नामदेवांच्या गाथेत मिसळले आणि ते वेगळे काढण्यात विद्वानांनी आयुष्यं घालवली. तीनशे वर्षांच्या अंतरावरचे दोन आवाज एकाच चिपळीवर म्हटले जातात. भक्ताला त्याने काही बिघडत नसेल. मला वाटतं, विष्णुदास नाम्याला बिघडत असणार.

हे इतकं जिवाला लावून घेण्याचं कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुस्तकात ‘विष्णुशास्त्र्यांनी विधवाविवाहाचा पक्ष मांडला’ असं वाक्य होतं. सूचीत मी तो आकडा ‘चिपळूणकर, विष्णुशास्त्री’ यांच्यापुढे टाकला. रात्र झाली होती, आणि विष्णुशास्त्री म्हटलं की ‘निबंधमाले’चे, हे बोटांना पाठ होतं. वाक्यातले विष्णुशास्त्री होते विष्णुशास्त्री पंडित. १८६५ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांचं विधवाविवाहावरचं पुस्तक मराठीत आणणारे, १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे झालेल्या वादात पुनर्विवाहाच्या बाजूने उभे राहणारे, आणि पुढे स्वतः विधवेशी लग्न करणारे. १८७६ मध्ये ते गेले, तेव्हा ‘निबंधमाला’ सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती आणि चिपळूणकर त्यातून सुधारकांवर कडाडून तुटून पडत होते. मी एका माणसाचं आयुष्यभराचं धैर्य उचलून त्याच्या विरुद्ध पक्षाच्या नावे लिहून टाकलं होतं. एका वयस्क वाचकाने पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर फक्त पानाचा आकडा आणि ‘हे पंडित, चिपळूणकर नव्हेत’ इतकंच होतं. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

संगीतातल्या दोन विष्णूंच्या बाबतीत तसं होऊ दिलं नाही. विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर. एकाच पिढीतले, दोघांनीही रागसंगीत लिहून ठेवायची आपापली पद्धत बसवली. पण इथे पुन्हा बापाचं नाव धावून येतं. पलुस्करांना तर लोक ‘विष्णु दिगंबर’ एवढंच म्हणतात, आडनावाचीही गरज पडत नाही.

काल संपादकांचा फोन आला. पुस्तक शेवटच्या फर्म्यात, म्हणजे छपाईच्या तावात, बसत नाही, सूचीतल्या आठ-दहा ओळी कापा म्हणाले. ‘या यमुना, गोदूबाई वगैरे कशाला घातल्यात? या नावाने यांना कोण शोधणार आहे?’ मी म्हटलं, कुणी शोधत नाही म्हणूनच घातल्यात. पुस्तक बायकांवरचं आहे, आणि आई-बापांनी दिलेलं नाव या सगळ्या पुस्तकात फक्त याच चार ओळींत सापडणार आहे. ते जरा गप्प झाले. मग आम्ही दोघांनी मिळून स्थलनामसूचीतल्या अकरा ओळी काढल्या. किल्ले नकाशातही सापडतात.

आज सकाळी फाइल छापखान्यात गेली. ‘य’खाली आता हे आहे :

यमुना (जोशी) – पाहा : जोशी, आनंदीबाई
यमुना (कुर्लेकर) – पाहा : रानडे, रमाबाई